अठरा वर्षे पूर्ण झाली, आता राहायचे कुठे?

अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदानाचा हक्क मिळतो. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना मात्र त्याच वेळी डोक्यावरचे छप्पर सोडावे लागते. आईबापाच्या घरातला मुलगा पंचविशीपर्यंत शिकतो, नोकरी शोधतो, ती सुटली तर घरी परत येतो. त्याला कोणी वय विचारत नाही. ज्याला घरच नाही, त्याने अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा! हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ४६ सांगते की, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल'. 'दिलेच पाहिजे' असे ते म्हणत नाही. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. सहा ते आठ जणांच्या गटाने तात्पुरते एकत्र राहण्याची तरतूदही त्यात आहे. 'मिशन वात्सल्य'च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी या मुलांसाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले. पण कलमाचे शब्द संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांपुरतेच आहेत. बाल संगोपन योजनेत नातेवाइकाच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या आधाराने वाढलेल्या मुलाचे अनुदान अठराव्या वर्षी थांबते. त्याने कुणाकडे पाहायचे?

मुंबई-पुण्यात ४,००० रुपयांत भाडे भागवायचे की पोट भरायचे? शिवाय खोली घेताना भाड्याआधी डिपॉझिट मोजावे लागते, दलालाची दलाली वेगळी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे; पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

पैसे जमले तरी घरमालकाचे प्रश्न उरतात. आडनाव काय? गाव कोणते? वडील काय करतात? ओळखीचा माणूस आणा! हे प्रश्न आपल्या समाजाला नवे नाहीत. १९१७ साली बाबासाहेब परदेशातली उच्च विद्या घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिक्षण होते, पगार होता, पण घर कोणी देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. निवारा नसेल तर पदवी आणि नोकरीही टिकत नाही, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. अनाथ मुलाला तर सांगायला गावही नसते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर भाड्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तिला जातीचा दाखला लागतो. ज्याच्या आईबापाचाच पत्ता नाही, त्याने तो कुठून आणावा? २०१८ साली राज्याने अनाथांना शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षण दिले, ते स्वागतार्हच आहे. पण भाड्याच्या खोलीचे दार आरक्षणाने उघडत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. कलम ४६ मधील 'देता येईल'च्या जागी 'दिले पाहिजे' यावे आणि कुटुंबात वाढलेली मुलेही त्यात यावीत. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढची योजना सादर करावी, असा नियम आहे. दोन महिन्यांत घर, काम, कागदपत्रे कशी होणार? ही तयारी सोळाव्या वर्षीच सुरू व्हावी. घराचा करार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने किंवा संस्थेने स्वतःच्या नावे करावा, डिपॉझिट शासनाने भरावे, मुलांनी गटाने राहून भाड्याचा आपापला वाटा द्यावा.

खोली मिळवण्याइतकेच ती टिकवणे अवघड असते आणि ते या मुलांना कोणी शिकवलेले नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' हे म्हणणे चुकीचे आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडे बँकेतून द्यावे, डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्यावी. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही खोली सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हेही मुलांना ठाऊक असावे.

सगळे शासनावर सोडून चालणार नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. आज आपल्याकडे कर्मचारी संघटना आहेत, वकील आहेत, विहार समित्या आहेत, स्वतःची घरे असलेले हजारो समाजबांधव आहेत. घरमालक 'ओळखीचा माणूस आणा' म्हणतो तेव्हा त्या मुलाबरोबर जाऊन उभे राहण्यास किती खर्च येतो? आपलीच एखादी खोली रास्त भाड्याने देताना जात आणि आईबाप न विचारण्यास काय लागते?

१८६३ साली जोतीराव-सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले, शिकवून डॉक्टर केले. अठरा वर्षे झाली म्हणून त्याला दार दाखवले नाही. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी निदान आपल्या गावातले, आपल्या वॉर्डातले बालगृह शोधावे आणि या वर्षी तिथून कोण बाहेर पडणार आहे, एवढे विचारावे.