भिंतीपाशी किती थांबायचं?

आज पोहण्याविषयी बोलू, पण सुरुवात ॲरिस्टॉटलपासून. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एवढी सूट द्या. 'फिजिक्स' या ग्रंथाच्या आठव्या भागात तो म्हणतो की सरळ रेषेत जाऊन त्याच रेषेवरून परत फिरणाऱ्या वस्तूला वळणाच्या बिंदूवर थांबावंच लागतं. टँकवर हे आपण रोज सिद्ध करतो, जरा जास्तच! कठडा धरायचा, छातीपर्यंत वर यायचं, गॉगल नीट करायचा, मग निघायचं. आजचं यंत्रशास्त्र म्हणतं, त्या बिंदूवर वेग शून्य होतो खरा, पण त्या क्षणाला लांबी नसते. म्हणजे बाकीचा वेळ निसर्गाने नव्हे, आपण घालवलेला असतो. दम लागला म्हणून थांबणं वेगळं आणि थांबायची सवय दमाच्या नावावर खपवणं वेगळं. खरंच दम लागला असेल तर लेनच्या कोपऱ्यात सरका, मागच्याला वळू द्या.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये ओपन टर्नला पर्याय नाही. दोन्ही हात सुटे, पण एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एक आधी लागला तर स्पर्धेत बाद. २५ मीटरच्या टँकमध्ये २०० मीटर अंतर म्हणजे ७ वळणं. प्रत्येक वळणावर अर्धा सेकंद गेला तरी साडेतीन सेकंद झाले!

आता वळण. बोटं टेकतात त्याच वेळी गुडघे पोटाशी यायला हवेत. गिरकी घेणारी मुलगी हात अंगाशी घेते ना, तसंच. आवळलेलं शरीर लवकर फिरतं. लगेच एक कोपर मागे खेचायचं आणि अंग कुशीवर न्यायचं. दुसरा हात पाय भिंतीशी पोचेपर्यंत राहतो, मग कानाजवळून पुढे जातो. डोकं वर काढायचं नाही. जाता जाता श्वास घ्यायचा. जेवढं अंग पाण्याबाहेर, तेवढा भार पाणी झेलत नाही, तो हातांवर येतो. पाय आडवे टेकवून कुशीवरच ढकलायचं, पालथं व्हायचं ते भिंत सुटल्यावर.

आमच्या मते मात्र वळण बिघडतं ते भिंतीच्या आधी. शेवटचा स्ट्रोक अर्धवट पडतो, मग नुसतं तरंगत जावं लागतं, नाहीतर अर्धा स्ट्रोक कोंबावा लागतो. अंतराचा अंदाज दोन-तीन स्ट्रोक आधीच घ्यायचा, म्हणजे हात पूर्ण ताणलेले असताना भिंत येते. हा सराव थकल्यावर करू नका. भिंतीपासून सहा-सात मीटरवरून या, वळा, हात ताणून सरकत जा, परत या. दहा वेळा पुरे.

आमच्या वयाच्या मंडळींना कोलांटीने चक्कर येते. फ्रीस्टाइलमध्ये तिची सक्ती नाही; शरीराचा कुठलाही भाग भिंतीला लागला की झालं. एक हात लावा, याच पद्धतीने वळा.