गटाच्या पैशातून फोटोच्या कामासाठी लॅपटॉप घेताना



मालेगाव तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, फोटो नीट करायला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?" कुठल्या गटाला पापड-कुरडयांच्या पाकिटांची लेबलं करायची असतात, कुठे एखादीची लेक किंवा सून लग्न-बारशाचे फोटो काढते आणि अल्बमचं कामही घरीच करू म्हणते. आज त्याविषयीच बोलू.

आधी हिशेब मांडू. दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याला १०० रुपये बचत. वर्षाचे झाले १२,००० रुपये. म्हणजे ५०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला, तर गटाची चार वर्षांहून जास्त बचत एका वस्तूत गेली. म्हणून दुकानात जाण्याआधी गटात बसून एक गोष्ट ठरवा : काम नेमकं कोणतं करायचं आहे?

व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो टाकायचे, एवढंच काम असेल तर लॅपटॉप लागत नाही. चांगला उजेड, मागे साधी चादर आणि फोनमधलं स्नॅपसीडसारखं मोफत अ‍ॅप एवढ्यात भागतं. लॅपटॉप लागतो तो छपाईची लेबलं, बॅनर, लग्नाचा अल्बम, किंवा शेकडो फोटो एकदम सारखे करायचे असतील तेव्हा.

आपल्या मालेगावात शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' बनवला, तेव्हा संकलन दोन व्हीसीआर जोडून केलं होतं. महागडी यंत्रं हाताशी नव्हती, पण काय बनवायचं आहे ते पक्कं ठाऊक होतं. खरेदीतही तेच कामी येतं.

आता लॅपटॉपकडे वळू. फोटोच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा असतो पडदा, म्हणजे स्क्रीन, आणि दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याच्याविषयीच. समजा, आपली हळद पडद्यावर फिकी दिसली म्हणून तुम्ही फोटोत पिवळा रंग वाढवला. लेबल छापून आलं तर ते भडक केशरी! दोष हळदीचा नाही, छापणाऱ्याचाही नाही. पडद्यानेच चुकीचा रंग दाखवला. साडी विकणाऱ्या गटाला तर हे फार महागात पडतं. फोटोत एक रंग आणि हातात दुसरा आला की गिऱ्हाईक माल परत करतं.

म्हणून दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. पडदा आयपीएस आहे का? आणि एसआरजीबी किती टक्के दाखवतो? उत्तर १०० टक्क्यांच्या जवळ हवं. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर तो पडदा पत्रं-हिशेबाला ठीक, रंगाच्या कामाला नको. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपना असाच पडदा असतो. ठिपक्यांचा आकडा किमान १९२० बाय १०८० असावा.

दुसरी गोष्ट रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एक भांडं उतरवल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. करिझ्मा अल्बमचं जोडपान १२ बाय ३६ इंचाचं असतं. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तर एका जोडपानात जवळजवळ ३ कोटी ८९ लाख ठिपके होतात. त्याचा एकच थर मेमरीत साधारण ११७ एमबी जागा घेतो. नवरा-नवरीचा फोटो, मागची फुलं, नावं, किनार असे दहा थर झाले की एक जीबीच्या वर गेलं. शिवाय विंडोज आणि इतर कामं ओट्यावर आधीच पसरलेली असतात. म्हणून लेबल आणि साध्या फोटोंना ८ जीबी रॅम चालेल, पण अल्बमचं काम घ्यायचं असेल तर १६ जीबी घ्या. रॅम पुढे वाढवता येईल का, हेही विचारा. काही लॅपटॉपमध्ये ती कायमची जोडलेली असते.

तिसरी गोष्ट साठवण, म्हणजे आपली कोठी. ती एसएसडीचीच हवी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फोटो उघडायलाच वेळ जातो. कॅमेऱ्याचा एक फोटो १० एमबीचा धरला तर एका लग्नाचे हजार फोटो म्हणजे १० जीबी. मूळ 'रॉ' फोटो ठेवले तर २५-३० जीबी. म्हणून ५१२ जीबीची एसएसडी घ्या आणि सोबत बाहेरून जोडायची एक वेगळी हार्ड डिस्क ठेवा. लोकांच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यांची प्रत दोन ठिकाणी असलीच पाहिजे.

प्रोसेसर आय-५ किंवा रायझन-५ पुरे. मात्र नुसतं 'आय-५' ऐकून थांबू नका, कितव्या पिढीचा तेही विचारा. गेमसाठीचं वेगळं ग्राफिक कार्ड फोटोच्या नेहमीच्या कामाला लागत नाही. व्हिडिओचंही काम करणार असाल तर त्याचा उपयोग आहे. चमकणारे दिवे, फिरणारा पडदा यांना पैसे देऊ नका. तोच पैसा पडदा आणि रॅमवर घाला.

जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप वाईटच असतो असं नाही. पण विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याहून जुना, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका.

फोटोशॉपला महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरावे लागतात. "फुकट टाकून देतो" म्हणणाऱ्याकडून चोरीची प्रत घेऊ नका. तिच्याबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि त्याच लॅपटॉपवर गटाचे बँकेचे व्यवहार असतील तर धोका मोठा. गिम्प मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं. शिकायला दोन्ही पुरेसे आहेत.

दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःचे दहा फोटो न्या : हळद, मिरची, साडी, माणसाचा चेहरा. त्यांतल्या दोन-तीन वस्तू पिशवीतही ठेवा. फोटो पडद्यावर लावा आणि वस्तू शेजारी धरून रंग ताडून पाहा. पडदा मागेपुढे झुकवा, बाजूने बघा. रंग पांढुरका किंवा काळपट झाला तर पुढचा लॅपटॉप मागा. दुकान कॅम्पातलं असो की नाशिकचं, ही पाच मिनिटं द्यायला संकोच करू नका. पैसे आपले आहेत.

पक्कं बिल घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, तो किमतीत धरलाय का, हे भाव ठरवतानाच विचारा. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीला माणूस मालेगावला येणार की आपण नाशिकला जायचं, तेही विचारा. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता आपल्या गटाची बाजू. काम एकटीच करणार असेल तर तिने अंतर्गत कर्ज घ्यावं आणि लॅपटॉप तिच्या नावावर असावा. गटाचा लॅपटॉप असेल तर बैठकीत ठराव लिहा, बिल गटाच्या नावाने घ्या. तो कुणाच्या घरी राहील, लेबलाचे आणि अल्बमचे किती पैसे घ्यायचे, त्यातले गटाला किती आणि काम करणारीला किती, हे आधीच वहीत लिहून ठेवा. नाहीतर वर्षभरात लॅपटॉप ज्या घरात असतो त्याच घराचा होतो, आणि भांडण मात्र गटात राहतं.

आणखी एक. एमएस-सीआयटी झालेली एक तरी मुलगी प्रत्येक गावात सापडते. लॅपटॉप येण्याआधी महिनाभर तिच्याकडून गिम्प शिकून घ्या. तेवढ्यात कळेल की गटात हे काम मन लावून कोण करणार आहे. कुणीच नसेल, तर खरेदी थांबवा. बचत कुठे जात नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आकडे फळ्यावर लिहा आणि मगच ठरवा.