विक्रांत मोडीत, विमाने शाबूत

आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका १९६१ मध्ये नौदलात आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय झाले. पण पोलाद गंजत गेले, डागडुजी परवडेना. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झाले आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्याच दारूखाना या जहाजे मोडण्याच्या भागात ती मोडायला घेतली. तिचे काही पोलाद मोटारसायकलींच्या टाक्यांत गेले. मात्र तिच्या डेकवरून जी विमाने उडत, ती आजही गोव्यात पाहायला मिळतात.

दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळो येथे १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथल्या सी हॉक या लढाऊ जेटच्या जातीनेच ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरून झेपावून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर हल्ला चढवला होता. हे जेट मागून पाहिले, तर शेपटीखाली धुराचे तोंडच दिसत नाही. इंजिनातले तप्त वायू दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी, दोन्ही अंगांनी बाहेर पडत. त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळे. जवळच सी हॅरियर आहे. १९८३ मध्ये आलेले हे विमान चार फिरती नोझल खाली वळवून डेकवर सरळ उभे उतरत असे. २०१६ मध्ये तेही निवृत्त झाले.

लढाऊ विमान लोकांसमोर ठेवण्याआधी ते निर्धोक करावे लागते. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटक काडतुसे काढतात. हॅरियरच्या काचेच्या छतात तर काच फोडणारी बारीक स्फोटक दोरी असते. इंधन आणि हायड्रॉलिक तेल उपसतात. टायर बसू नयेत म्हणून भार लोखंडी आधारांवर घेतात. हवा घेणाऱ्या तोंडांना जाळी लावतात, नाहीतर पक्षी घरटी करतात.

खरा शत्रू खारी हवा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असला आणि मध्ये खारट ओल शिरली, की पत्रा बोल्टाभोवती पांढरी भुकटी होऊन झडतो. वरून रंग मात्र ठीक दिसतो. म्हणून गोड्या पाण्याने धुणे, पाणी निचरायची छिद्रे मोकळी ठेवणे आणि वेळेवर रंग देणे हे कायमचे काम.

उडत्या विमानाची तपासणी कधी चुकत नाही, उभ्या विमानाची सहज चुकते. चौकात जुने जेट मागणाऱ्या शहराने आधी या देखभालीच्या वार्षिक खर्चाची तरतूद करावी.