जुन्या मोटारींची मंदगती आणि अंतर्ग्रहण नलिकेची रचना

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. त्यांचे १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन वेगात असताना निर्वेध चालते. रिसोडच्या बाजारपेठेतील गर्दीत गाडी थांबली की मात्र ते थरथरू लागते. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी स्लोला उभी राहत नाही. प्रस्तुत लेखात या दोषाचा अंतर्ग्रहण नलिकेच्या, म्हणजेच इनटेक मॅनिफोल्डच्या, अंगाने विचार केला आहे.

मंदगतीत थ्रॉटल जवळजवळ बंद असते. नळीतून जाणारी हवा थोडी आणि तिचा वेगही कमी असतो. परिणामी पेट्रोलचे तुषार हवेत न तरंगता नळीच्या भिंतीला चिकटतात. एकच कार्ब्युरेटर चार सिलिंडरांना मिश्रण पुरवीत असल्याने एखाद्या सिलिंडरला ते दाट, तर दुसऱ्याला विरळ मिळते. यावर नळी रुंद करण्याचा किंवा मोठा कार्ब्युरेटर बसविण्याचा उपाय अनेकदा सुचविला जातो. त्याने वेगात शक्ती वाढेलही, परंतु मंदगती अधिकच बिघडते, कारण रुंद नळीत हवेचा वेग आणखी घटतो.

प्रयोगाचा आरंभ गळतीच्या शोधापासून करणे श्रेयस्कर होय. थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यातून वा फाटलेल्या गॅस्केटमधून आत शिरणारी हवा वेगात नगण्य ठरते. मंदगतीत मात्र एकूण हवेतील तिचा वाटा मोठा असतो. संशयित सांध्यावर तेलाचे थेंब सोडताच इंजिनचा आवाज बदलला, तर दोष तेथेच असतो. व्हॅक्यूम गेज जोडल्यास पुढील प्रत्येक बदलाचा परिणाम काट्यावर वाचता येतो, मात्र एका वेळी एकच बदल करावा.

त्यानंतर उष्णतेचा विचार येतो. वाशीम जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि पेट्रोलचे हलके घटक त्याच सुमारास उकळू लागतात. कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाइटची जाड चकती बसविल्यास फ्लोट चेंबरकडे जाणारी उष्णता रोखली जाते. हिवाळ्यात हीच चकती बाष्पीभवनास काहीशी मारक ठरू शकते.

आजच्या इंधनाने या प्रश्नात भर घातली आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते. जुन्या कार्ब्युरेटरला हा फरक ओळखता येत नाही, त्यामुळे मिश्रण विरळ होते. शिवाय इथेनॉलचे बाष्प होताना उष्णता अधिक शोषली जाते. मिश्रणाचा स्क्रू किंचित सैल करून भागले नाही, तर एक माप मोठा स्लो जेट बसवावा.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली मोटार 'व्हिंटेज' ठरते; मात्र तिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मूलभूत फेरफार झालेला नसावा. १९७४ च्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोहोचल्या. चकती आणि जेट तासाभरात काढून मूळ भाग परत बसविता येतात. आतून घासून रुंद केलेली नळी मात्र पूर्ववत होत नाही.