डावा हात अजून पहिलीत

पेटी वाजवणाऱ्याला पियानो सोपा जाईल, असं सगळ्यांना वाटतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच, क्रमही तोच. उजव्या हातापुरतं ते खरंही आहे; तो थोड्याच दिवसांत रुळतो. पण डाव्याने जन्मभर फक्त भाता हलवलेला असतो. संगीत नाटकातला ऑर्गन वाजवणारे यातून सुटले, त्यांचा भाता पायाखाली. आमच्यासारख्या भजनी पेटीवाल्यांचा डावा हात मात्र पन्नाशीतही निरक्षर.

पाचगणीच्या बाईंनी हे पहिल्याच तासाला हेरलं. बोर्डिंग शाळेत मुलांना पियानो शिकवून निवृत्त झालेल्या या बाई. मी महाबळेश्वरहून एसटीने त्यांच्याकडे जातो. "काका, उजवा मांडीवर ठेवा. आता एकटा डावा," म्हणाल्या. करंगळीपासून सुरुवात. पाच, चार, तीन, दोन, एक; मग अंगठ्यावरून मधलं बोट पलीकडे टाकायचं आणि पुन्हा दोन, एक. सी ते सी एवढंच, म्हणजे पांढरी एकचं सप्तक. माझी करंगळी पट्टीवर आडवी पडते आणि अनामिका उचलतच नाही. तिच्या शिरा शेजारच्या बोटांच्या शिरांना जोडलेल्या असतात, त्यामुळे ती कुणाचीच पूर्ण स्वतंत्र नसते. पण मुलं हे न कुरकुरता गिरवतात. आपल्याला आधी कारण लागतं.

दुसरी अडचण सुराच्या जातीची. पेटीत पट्टी दाबून धरली आणि भाता चालू असला की सूर उभा राहतो. लहान-मोठा करायचा तोही भात्यानेच. पियानोची पट्टी जेमतेम सेंटीमीटरभर खाली जाते. तेवढ्यात आतला हातोडा तारांकडे फेकला जातो, आणि तारेला लागण्याआधीच त्याचा बोटाशी संबंध तुटलेला असतो. म्हणजे जे करायचं ते त्या सेंटीमीटरच्या आत. नंतर पट्टी कितीही दाबा, सूर विरतच जातो. मी सवयीने दाबत राहायचो. "आता काय दाबताय, तो गेला," बाई म्हणायच्या.

वाचनाचं वेगळंच. भातखंडे लिपीत सा म्हणजे सा. गायकाने काळी चार धरली तर तिथे सा. इथे पाच-पाच रेषांचे दोन संच, एकेका हाताला एकेक, आणि दोन्हींचे नियम निराळे: सगळ्यात खालच्या रेषेवरचा ठिपका उजव्यासाठी ई, तर डाव्यासाठी जी. मनात फिरता सा धरून बसणाऱ्याचं इथे काही चालत नाही.

सध्या हातात आहे तो जी मेजरमधला मिन्युएट. बाखने पत्नी आना माग्दालेनाला 1725 मध्ये दिलेल्या वहीतला. पिढ्यान्पिढ्या तो बाखचाच म्हणून वाजवला गेला. पण तो क्रिस्तियान पेत्झोल्टचा असल्याचं 1970च्या दशकात स्पष्ट झालं. तीन मात्रांची चाल कानाला अवघड नाही. उजव्या हाताची ओळ ऐकून लगेच बसली, आणि घोळ तिथेच आहे: कान पुढे पळतो, डावा मागे राहतो.

पाचगणीत पियानो म्हटलं की 'क्वीन' बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचं नाव निघतंच. झांझिबारमध्ये जन्मलेला हा मूळचा फारोख बल्सारा 1955 मध्ये इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला, 'हेक्टिक्स' या शालेय बँडमध्ये पियानो वाजवायचा. पण आला तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याचं उदाहरण आम्हाला काय कामाचं? त्यापेक्षा ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो परीक्षांना वरची वयोमर्यादा नाही, ही माहिती जास्त उपयोगाची.

आणि पाऊस. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. घरांना गवताच्या झडी बांधल्या तरी भिंती घामेजतात, चपलांना बुरशी येते. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या रीड, पितळी; ते दमटपणाला फारशी दाद देत नाहीत. पियानोत मात्र तारांमागे लाकडाची रुंद पातळ फळी असते. ती पावसाळ्यात फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. उन्हाळ्याकडे पुन्हा उतरतो. आतला नमदा फुगला की पट्टी दाबलेली तशीच राहते. बाईंच्या पियानोत म्हणून जून ते सप्टेंबर बारका बल्ब जळत असतो. सूर लावून घ्यायचा तो पाऊस ओसरून हवा स्थिरावल्यावर.

तेव्हा कुण्या जुन्या बंगल्यातला पियानो फुकट मिळतोय म्हणून हुरळून टेम्पो बोलावू नका. दोनशेवर तारांचा मिळून पंधरा टनांहून अधिक ताण खुंट्यांनी धरलेला असतो; त्यांच्याभोवतीचं लाकूड सडून त्या सैल झाल्या असतील तर लावलेला सूर टिकत नाही. आधी जाणकाराला दाखवा. घरी सरावाला 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पुरतो. शिकवणी मात्र खऱ्या पियानोवरच घ्या, आणि पहिले काही महिने उजवा हात मांडीवर ठेवा.