शेणापासून मोटारीचे इंधन

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल या घाटाने जनावरांच्या पाठीवरून देशावर चढत असे. आज त्याच तालुक्यातील टोमॅटो नारायणगावच्या, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील कांदा-बटाटा मंचरच्या बाजारात टेंपोने येतो. ओझे वाहण्याचे जनावराचे काम सुटले. पण त्याच्या जागी आलेल्या वाहनाचे इंधन बाहेरगावाहून आणावे लागते आणि त्याचा पैसा रोज गावाबाहेर जातो. गोठ्यातील शेणावर हा टेंपो चालविता येईल काय? शास्त्राचे उत्तर ‘होय’ असे आहे. व्यवहाराचे उत्तर मात्र काही अटींवर अवलंबून आहे.

शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद टाकीत ठेवले, म्हणजे त्यातील सूक्ष्म जंतू ते कुजवितात व वायू उत्पन्न होतो. या वायूत सुमारे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. तोच जळणारा भाग होय. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय थोडी वाफ आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड. चुलीसाठी हा वायू जसाच्या तसा चालतो; इंजिनास चालत नाही. हायड्रोजन सल्फाइड धातूस खातो, आणि कार्बन डायऑक्साइड टाकीतील जागा फुकट अडवितो. म्हणून पहिला लोखंडाच्या किसावरून वायू नेऊन काढावा लागतो व दुसरा दाबाखालील पाण्यात विरघळवून. मिथेनचे प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले, की वायू सुकवून सुमारे २०० पट दाबाने पोलादी नळकांड्यात भरावयाचा. मग तो खनिज सीएनजीचेच काम करतो. गाडीत निराळा फेरफार करावा लागत नाही.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईस माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैलापाण्यापासून निघणारा वायू वापरण्याची सोय १८९७ सालीच झाली होती. १९६० नंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या झाकणाचे गोबरगॅस संयंत्र खेडोपाडी नेले. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे व पिष्टमय पदार्थ शेणापेक्षा पुष्कळच लवकर वायू देतात, हे दाखवून लहान घरगुती संयंत्र सिद्ध केले. त्यांच्या संस्थेस २००६ साली अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. पुण्याजवळच पिरंगुट येथे २०१६ साली शेतातील टाकाऊ मालापासून वाहनांचा वायू करणारा कारखाना सुरू झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ‘सतत’ ही योजना जाहीर केली; तीत असा वायू तेल कंपन्यांनी ठराविक दराने विकत घ्यावयाचा आहे.

आता हिशेब पाहावा. पंचवीस किलो शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू निघतो आणि तो शुद्ध केल्यावर जेमतेम चारशे ग्रॅम इंधन हाती येते. म्हणजे एक किलो इंधनास साठेक किलो, अर्थात पाच-सहा जनावरांचे दिवसभराचे शेण लागते. एवढ्या इंधनावर तीनचाकी रिक्षा तीस किलोमीटरांच्या आसपास जाईल. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत त्याने वायू चुलीस लावावा, हेच शहाणपणाचे; शुद्धीकरणाची व दाबाची यंत्रे एका घरास पेलणारी नाहीत. परंतु तीनशे जनावरांचे शेण एकत्र आले तर रोज सुमारे पन्नास किलो इंधन, म्हणजे दहा-बारा रिक्षांची भरती होते. घराचे काम चूल पेटविण्याचे, आणि गाडीचे काम गावाने मिळून करण्याचे, असा हा विभाग आहे.

या दोन तालुक्यांत शेणाखेरीज इतर मालही आहे. जुन्नरचा विघ्नहर व आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने चालू असता उसाच्या रसातील गाळ, म्हणजे प्रेसमड, ढिगांनी निघतो. तो वायूस उत्तम. मात्र गळीत काही महिन्यांचेच, आणि टाकीतील जंतूंना तर बारमाही खाद्य हवे. भाव पडला म्हणजे टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो. तो टाकीत घालता येईल. पण त्यात शेकडा नव्वदाहून अधिक पाणीच असल्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेताचा आहे. शेण हा टाकाऊ पदार्थ नव्हे. त्यावर खताचा, गोवऱ्यांचा, आणि पश्चिमेकडील भातपट्ट्यात राब भाजण्याचा हक्क आधीचा आहे. सुदैवाने वायूबरोबर कर्ब व हायड्रोजन जातात. नत्र, स्फुरद व पालाश टाकीतील रबडीत उरतात. म्हणून शेतकऱ्याचे खत बुडत नाही. पण ती रबडी त्याच्या शेतात परत पोचली तरच! शेणात तितकेच पाणी मिसळल्यामुळे येते त्याच्या जवळजवळ दुप्पट वजन परत न्यावे लागते. संयंत्र वीस-तीस किलोमीटर दूर असले तर शेण आणण्यात व रबडी नेण्यातच बरेचसे इंधन खर्ची पडेल, आणि खत कारखान्याच्या कुंपणाशी साचून राहील. टाकी गळती असेल तर आणखी एक हानी: मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवणारा वायू आहे.

तेव्हा अशी योजना गावापुढे मांडली गेली, तर तीतून रोज किती किलो इंधन निघेल, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की शेण किती अंतरावरून येणार, गोठा झाडून ते भरणाऱ्या बाईच्या हाती मोल काय पडणार, आणि रबडी कोणाच्या शेतात जाणार? याची उत्तरे गावातच मिळाली, तर इंधनाचा पैसाही गावातच राहील.