शुश्रूषागृहातील देखभाल आणि कुटुंबीयांची साक्ष

‘नर्सिंग होम’ हा शब्द आपल्याकडे ज्या अर्थाने रूढ झाला आहे तो मनात ठेवून अमेरिकन समाजशास्त्रीय वाङ्मय वाचावयास घेणाऱ्या विद्यार्थ्याची आरंभीच फसगत होते. १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याने आजारी, जखमी अथवा विकल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागांना, प्रसूतिगृहे धरून, हे नाव दिले. आणि महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे लहानसे खाजगी रुग्णालय, असे समीकरण होऊन बसले. अमेरिकेत ह्याच शब्दाने एक निराळी संस्था ओळखली जाते. आंघोळ, कपडे, जेवण, शौच ही नित्यकर्मे स्वतःच्या हाताने उरकणे ज्यांना अशक्य झाले आहे अशा माणसांची, मुख्यतः वृद्धांची, अहोरात्र देखभाल करणारे ते निवासस्थान होय. अशी सुमारे १५,००० गृहे आज त्या देशात असून त्यांत बारा लाखांवर माणसे राहतात. काही जण शस्त्रक्रियेनंतर थोडे आठवडे राहून घरी परततात. पण येथे विचार करावयाचा आहे तो दीर्घकाळ राहणाऱ्यांचा, ज्यांपैकी बहुतेकांचे ते अखेरचे घर ठरते. ह्या संस्थेस पुढे शुश्रूषागृह असेच म्हटले आहे.

ह्या गृहांविषयी निवाशांच्या आप्तांना विचारले असता मिळणारी उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. उदाहरणादाखल असे समजू या की, एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्यांत दोन वृद्धा राहतात. एकीची मुलगी सांगते, येथील बायका माझ्या आईला घरच्यासारखे वागवतात. दुसरीचा मुलगा सांगतो, घंटा वाजवून अर्धा तास झाला तरी कोणी येत नाही, कवळी दोनदा हरवली, आणि कपाटात भलत्याच बाईचे कपडे सापडतात. मजला तोच, पाळी तीच, सेविकाही त्याच. पुष्कळ संशोधक अशा वेळी कुटुंबीयांची साक्ष व्यक्तिनिष्ठ ठरवून बाजूस सारतात, किंवा दोन्ही साक्षींची सरासरी काढून मोकळे होतात. (सरासरीचा हा मोह आपल्या प्रबंधलेखकांनाही कमी नाही.) प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. कुटुंबीय हा ह्या संस्थेकडे बाहेरून पाहणारा प्रेक्षक नसतो. तो तिच्यात बिनपगारी काम करणारा एक घटक असतो. त्याच्या साक्षीतील विसंगती ही बऱ्याच अंशी त्या कामाच्या वाटणीतील विसंगती असते.

वाटणीचा हा प्रश्न समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू वृद्धांना मासिक साहाय्य देऊ केले, परंतु सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना ते नाकारले. जुन्या सरकारी अनाथालयवजा दरिद्रगृहांचा अंत व्हावा हा त्यामागील हेतू. परिणाम असा झाला की, हातात साहाय्याची रक्कम असलेले पण स्वतःच्या घरी राहू न शकणारे वृद्ध खाजगी चालकांच्या दारी गेले आणि एक नवा व्यवसाय उदयास आला. १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड ह्या दोन योजना आल्या, तेव्हा सरकारी पैशाचा ओघ ह्या व्यवसायाकडे वळला. आज सुमारे सात-दशांश गृहे नफ्यासाठी चालविली जातात. मेडिकेअर ही वृद्धांची आरोग्यविमा योजना. ती रुग्णालयातून आलेल्यास फार तर १०० दिवसांपर्यंत मदत करते. त्यापुढे प्रथम स्वतःची शिल्लक खर्च करावयाची आणि ती संपल्यावर निर्धनांसाठी असलेल्या मेडिकेडचा आधार घ्यावयाचा, असा क्रम आहे. आईचे घर विकून तिच्या खोलीचे भाडे भरणाऱ्या मुलाच्या तक्रारीस जी धार असते तिचा उगम पुष्कळदा येथे असतो. आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत हे त्यास कळेनासे होते.

ज्याचे पैसे द्यावयाचे ते काम प्रत्यक्ष करतात कोण? परिचारिका नव्हेत, किंवा फार थोड्या प्रमाणात. उठविणे, पुसणे, भरविणे, कूस बदलणे हे सर्व साहाय्यिकांच्या अंगावर असते. १९८७ च्या सुधारणा कायद्याने त्यांच्यासाठी देशभर किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरविले. त्याआधी तेही सर्वत्र नव्हते. साहाय्यिकेचे वेतन तुटपुंजे, आणि म्हणूनच काम सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे. २००१ साली केंद्र शासनासाठी झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, दर निवाशामागे दिवसाकाठी एकूण ४.१ तास शुश्रूषा मिळाली नाही तर देखभालीत उणिवा राहण्याचा धोका वाढतो. २०२४ साली शासनाने प्रथमच एक किमान प्रमाण नियमबद्ध केले, ते ३.४८ तासांचे, आणि त्यांपैकी २.४५ तास साहाय्यिकांचे होते. एप्रिल २०२५ मध्ये टेक्ससमधील संघीय न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. अडीच तास ही चोवीस तासांतील वाटणी आहे, हे ध्यानात घ्यावे. एका माणसाचे स्नान, तीन जेवणे, चार-पाच वेळा स्वच्छता आणि दर दोन तासांनी कूस बदलणे एवढ्यातच ती संपते. गप्पा मारण्यास, किंवा ह्या आजोबांना चहात साखर किती लागते हे शिकून घेण्यास, त्यात वेळ कोठला?

आणि कुटुंबीय पाहतात ते नेमके हेच. बार्बरा बॉवर्स ह्या विदुषीने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्या विषयाला योग्य वळण दिले. आप्तांच्या दृष्टीने चांगली देखभाल म्हणजे काय हे विचारता तिला असे दिसले की, औषध वेळेवर दिले की नाही, जखम नीट बांधली की नाही एवढ्यावर ते थांबत नाहीत. ते काम करताना त्या माणसाची प्रतिष्ठा राखली गेली का, त्याचे घराशी असलेले नाते जपले गेले का, तो जो होता तो राहू दिला गेला का, ह्यावर त्यांचा निकाल अवलंबून असतो. ह्या अंगास तिने जतनाची देखभाल अशा अर्थाचे नाव दिले. अंग पुसण्याचे काम दोन प्रकारे होऊ शकते. नोंदवहीत मात्र दोन्ही वेळा एकच खूण पडते. शिवाय हे जतन कसे करावे ह्याचे ज्ञान सेविकेजवळ नसून आप्तांजवळ असते. वडील आयुष्यभर पहाटे उठून दाढी करीत आले आहेत हे मुलास ठाऊक, साहाय्यिकेस नाही. तेव्हा ते तिला शिकविणे आणि ती तसे करते की नाही हे पाहणे, ह्यास आप्त आपले काम समजतात.

यूजीन लिटवाक ह्यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. मोठ्या औपचारिक संस्था पुनःपुन्हा येणारी, तंत्राने बांधता येणारी कामे उत्तम करतात. कुटुंबासारखे प्राथमिक गट अनपेक्षित, ज्यांचे वेळापत्रक करता येत नाही अशी कामे चांगली करतात. ह्या दृष्टीने दोघे परस्परपूरक ठरतात. सिद्धान्त सुबक आहे. पण शुश्रूषागृहात सीमारेषा कागदावर असते तितकी सरळ राहत नाही, आणि बहुतेक भांडणे त्या सीमेवरच होतात. कपडे धुण्याचे उदाहरण घ्या. संस्थेच्या लेखी ती शंभर माणसांच्या कपड्यांची एकगठ्ठा धुलाई होय, आणि त्यात काही कपडे अदलाबदल होणारच. मुलीच्या लेखी तो निळा स्वेटर वडिलांनी आईला आणलेला असतो. तो परक्या बाईच्या अंगावर दिसला की मुलगी जी तक्रार करते ती स्वेटरबद्दलची नसते. अधिकारी मात्र स्वेटरची भरपाई देऊ करतात, आणि दोघेही एकमेकांस असमंजस समजून परततात. कित्येक कुटुंबे म्हणूनच कपडे घरी नेऊन धुतात. आपण प्रश्नावलीत त्यांना ‘धुलाईबाबत समाधानी आहात काय’ असे विचारले, तर ती बहुधा ‘होय’ असेच उत्तर देतील.

येथे दोन शेजारणींचे कोडे सुटू लागते. पहिलीची मुलगी जवळ राहते, रोज संध्याकाळी येते, आईला स्वतः भरवते, साहाय्यिकेला नावाने हाक मारते, तिच्या मुलांची चौकशी करते. जतनाचे निम्मे काम ती स्वतः करते आणि उरलेले कसे करावे हे सांगण्याइतकी तिची ओळख आहे. दुसरीचा मुलगा पंधरा दिवसांनी दूरच्या शहरातून येतो. त्याची गाठ पडते ती मुख्यतः कार्यालयातील वरिष्ठांशी. जेबर गुब्रियम ह्यांनी १९७५ च्या आपल्या अभ्यासात दाखविले आहे की, एकाच गृहात वरिष्ठांचे जग आणि मजल्यावरील सेविकांचे जग ही दोन निरनिराळी असतात. आश्वासन पहिल्या जगात मिळते, देखभाल दुसऱ्यात होते. मुलाने ऐकलेले आणि पाहिलेले ह्यांत अंतर पडते ते त्यामुळे. दोघांच्याही साक्षी खऱ्या आहेत. त्या एकाच वस्तूविषयी नाहीत एवढेच.

ह्याचा अर्थ तक्रार करणारे कुटुंब कमी पडते असा मात्र काढू नये. वृद्धांना संस्थेत टाकून कुटुंबे त्यांना विसरतात ह्या समजुतीचे खंडन एथेल शानस ह्यांनी १९७९ मध्येच केले आहे. उलट, बहुतेक कुटुंबे स्वतःची शक्ती संपल्यानंतरच ह्या दारी येतात आणि येताना अपराधाची टोचणी बरोबर आणतात. टोचणी साक्षीस दोन्हीकडे वाकवते. कोणी बारीकसारीक उणीव हेरून आपण अजून जागे आहोत हे स्वतःस पटवितो. कोणी दोषांकडे डोळेझाक करतो, कारण गृह वाईट ठरले तर आपला निर्णयही वाईट ठरतो. तिसरे कारण भीतीचे. तक्रार केली तर तिचा राग आईवर निघेल, ह्या शंकेने गप्प बसणारे नातेवाईक सर्वत्र आढळतात, आणि मुद्रित प्रश्नावलीत त्यांची गणना समाधानी लोकांत होते. स्तुतीची छाननी तक्रारीइतकीच कसोशीने करावी लागते ती ह्यासाठी.

कुटुंबीय काम करतात हे विधान सिद्ध करणारा एक दारुण प्रसंग २०२० साली घडला. त्या वर्षी १३ मार्च रोजी कोविडच्या साथीमुळे केंद्र शासनाने, मृत्युशय्येसारखे अपवाद सोडून, सर्व भेटी बंद करण्याचा निर्देश दिला. पुढे सवलती आल्या, परंतु भेटींवरील बंधने पूर्णपणे उठावयास नोव्हेंबर २०२१ उजाडला. मुलांनी काचेबाहेर उभे राहून आईस हात दाखविला. त्या काळात कनेटिकट राज्यातील गृहांच्या अभ्यासात निवाशांच्या ठिकाणी उदासीनतेची लक्षणे व वजनातील घट वाढल्याचे दिसून आले, आणि ही वाढ ज्यांना संसर्ग झाला नव्हता त्यांच्यातही होती. सेविकांची टंचाई त्याच वेळी तीव्र झाली होती, तेव्हा सर्व दोष भेटीबंदीच्या माथी मारणे शास्त्रीय होणार नाही. तरीही जेवणाच्या वेळी येऊन घास भरविणारा हात नाहीसा झाला की वजन का उतरते, हे सांगावयास फार मोठे अनुमान लागत नाही. आजवर ज्यास भेट म्हटले जात होते त्यात किती श्रम भरले होते, हे तो हात थांबल्यावर दिसले. त्यानंतर काही राज्यांनी ‘आवश्यक देखभालकर्ता’ म्हणून एका आप्तास प्रवेशाचा हक्क देणारे कायदे केले.

मापनाच्या रूढ साधनांत ह्याचे प्रतिबिंब मात्र पडलेले नाही. २००८ पासून अमेरिकन शासन प्रत्येक गृहास एक ते पाच तारे देते. त्यांचा आधार तिहेरी आहे: आरोग्यविषयक तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि प्रकृतिविषयक निर्देशक. निवासी किंवा त्यांचे आप्त काय म्हणतात ह्यास त्यात स्थान नाही. ओहायोसारखी राज्ये कुटुंबीयांची स्वतंत्र पाहणी करतात, हे स्वागतार्ह होय. परंतु तीतही कुटुंबास ग्राहक धरले जाते. तुम्हांस काय मिळाले एवढेच विचारले जाते. तुम्ही काय केले, हे नाही.

आपल्याकडील अभ्यासकास हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पुणे, मुंबई, ठाणे ह्या शहरांत अंथरुणाला खिळलेल्या व स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी खाजगी गृहे निघाली आहेत. तेथे साहाय्यिकेचे काम करणारी बाई ‘मावशी’ ह्या संबोधनाने वावरते, आणि मुले पुष्कळदा परदेशी असतात. सेरा लँब ह्यांनी कोलकात्यातील वृद्धाश्रमांचा अभ्यास करून २००९ च्या ग्रंथात दाखविले की, तेथे संस्थेच्या कामास ‘सेवा’ हा पूर्वी कुटुंबाकडे असलेला शब्द लावला जातो. मावशी हे संबोधनही त्याच जातीचे. नात्याचा शब्द पगारी कामास चिकटला म्हणजे तक्रार करणे अधिक अवघड होते. मावशीविरुद्ध अर्ज कसा द्यावा? त्यात २००७ च्या निर्वाह व कल्याण कायद्याने आई-वडिलांना सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. ह्या कायद्यात मुलगा येतो तो मुख्यतः संभाव्य कसूरदार म्हणून, संस्थेतील देखभालीचा साक्षीदार म्हणून नव्हे. अशा वातावरणात समाधानाविषयीचा सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर मिळण्याची आशा थोडी.

म्हणून ह्या गृहांत क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मुलाखतीचा आरंभ निराळ्या प्रश्नाने करून पाहावा: तेथे गेल्यावर आपण काय काय करता? फराळाचा डबा, नखे कापणे, मावशीच्या हातावर ठेवलेले दिवाळीचे पैसे, परगावाहून रात्री ठरल्या वेळी केलेला दूरध्वनी, हे सर्व त्या उत्तरात येऊ लागेल. समाधानाचा प्रश्न त्यानंतर विचारावा. आणि शक्य झाल्यास तोच प्रश्न, मुलगा निघून गेल्यावर, मावशीसही विचारावा.